मधलं 'ते'

चिलोए बेटावर जून म्हणजे न वाळलेली लोकर.
रोसाउरा नावुएल्कीन चुलीपासून लांब,
गार कोठीत, पिठाच्या तराजूवर
एक झोपलेला जीव ठेवते:
मोनितो. मूठभर. तीस ग्रॅम.
शेपटीच्या बुडाशी उन्हाळ्याची चरबी,
आणि हिवाळाभर स्वतःला विझवून ठेवायची कला.
छातीवर टेकवलेलं यंत्र त्याच्याहून जड.

ठोका.
मग इतकी शांतता
की तिला वाटतं, गेला.
ठोका.

भिंतीवर तक्ता आहे, दर पायरीला दहापट चढणारा.
तळाशी उंदीर, मग ससा, पुदू नावाचं बुटकं हरीण,
शेजारणीच्या मेंढ्या,
आणि कागदाबाहेर डोकं काढू बघणारा देवमासा,
कोर्कोवादोच्या आखातातला निळा,
ज्याचं वजन तिनं केलेलं नाही, फक्त मानलंय.
सगळ्यांतून एक तिरकी रेघ.
देह दहापट झाला तरी भूक दहापट होत नाही,
साडेपाचाच्या आसपास थांबते.
का थांबते?
मोठं होणं म्हणजे काटकसर, की नुसता उशीर?

जे पिंडी ते ब्रह्मांडी,
सांगणारे सांगून गेले आणि पानावर बसले.
हिला मधलं 'ते' मोजायचंय.

वाल्दिवियाहून फोन येतो:
"झोपलेल्याला धरू नकोस, रेघ बिघडते."
ती हो म्हणते.
ठिपका खोडत नाही.

शनिवारी मिंगा.
दोमितिला बार्रीयाच्या अंगणाचा कडा समुद्रानं खाल्ला,
म्हणून अख्खं घर उचलून टेकाडापलीकडे न्यायचं,
पत्र्यासकट, पडद्यांसकट, ओंडक्यांवरून घरंगळत.
बैलांच्या आठ जोड्या.
"याचं वजन किती?" रोसाउरा विचारते.
एलिसेओ रेमोल्कोय बैलाच्या वशिंडावर हात ठेवतो:
"ओढेल तेवढं."

तिनं दोरात ताणकाटा अडकवलाय.
एक जोडी ओढते ती एक धरली,
तर आठ जोड्या मिळून सहासुद्धा भरत नाहीत.
ती पुन्हा वाचते. पाऊस काचेवर. पुन्हा तेच.
"दोन जोड्या गेल्या कुठे, दोन एलिसेओ?"
तो हसत नाही. विचार करतो.
"थोड्या दोरात गेल्या. थोड्या चिखलात.
बाकीच्या एकमेकांची वाट बघण्यात."

ती वहीत लिहिते: वाट बघण्यात.
खाली दोनदा रेघ मारते.
पेशीचं काय, फुप्फुसाचं काय,
मुंग्यांच्या वारुळाचं, या गावाचं काय:
जिथे जिथे एकाहून जास्त आहेत
तिथे कुणीतरी कुणासाठी थांबलेलं असणार.
हे सूत्र नाही, तिला माहीत आहे.
सूत्र असतं तर आकडा आला असता.

घर हललं, एवढं मात्र खरं.
खिडकीतली कुंडी न सांडता.

संध्याकाळी खड्ड्यावरची नाल्काची पानं उचलली,
छत्रीएवढी, वाफेनं मऊ पडलेली.
शिंपले, बटाटे, डुकराचं मांस, आरडाओरडा.
तिनं एक पान उजेडासमोर धरलं:
जाड शीर, तिला फाटे, फाट्यांना फाटे,
शेवटचे नजरेबाहेर.
दोमितिला म्हणाली, "पोरी, आधी खा."
आणि मग, नव्या जागेकडे बघत,
"स्वयंपाकघरात आता सकाळ चुकीच्या बाजूनं येणार."

रात्री घरी आली तर कोठीचं दार उघडं,
चुलीची ऊब आत शिरलेली, तराजू रिकामा.
मोनितो पडद्यावर.
जागा, डोळे काळे, उभ्या अंगानं थरथरणारा.
पकडून छातीला यंत्र लावलं:
ठोके नव्हेत, एकच सलग घरघर.
मोजता येईना. अंदाजानं लिहिलं.

ठिपका रेघेवर बसला, बरोब्बर.
त्याच्या थेट खाली सकाळचा दुसरा ठिपका.
जीव तोच, वजनही तेच.
दोघांच्या मध्ये चार बोटं कोरा कागद.

तिनं पेन्सिल टेकवली. उचलली.
मोनितोला टोपीत गुंडाळून
पुन्हा गारठ्यात ठेवायला निघाली,
आणि उंबऱ्यातच
त्याच्या निजण्याची वाट बघत राहिली.